गाई-म्हशींच्या चिकित्सेतील प्रतिजैविक इंजेक्शने व त्यांच्या दुष्परिणामांचे नियंत्रण : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
विसाव्या शतकाच्या मध्यात प्रतिजैविके पशुचिकित्सेत आली आणि कासदाह, घटसर्प, फऱ्या, गर्भाशयदाह यांसारख्या रोगांच्या उपचारांचे स्वरूप बदलून गेले. या औषधांबरोबर त्यांचे दुष्परिणामही आले. प्रारंभी ते जनावराच्या शरीरापुरते मर्यादित वाटले, नंतर दुधात दिसले आणि अखेरीस प्रतिरोधी जंतूंच्या रूपाने समाजात पसरले. प्रस्तुत शोधनिबंधात या तीन टप्प्यांचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, भारतात व विशेषतः महाराष्ट्रात या दुष्परिणामांच्या नियंत्रणाचा भार कोणावर पडला, या प्रश्नाची चर्चा केली आहे.

बीजशब्द : प्रतिजैविके, कासदाह, अधिहर्षता, औषधांश, प्रतीक्षाकाळ, प्रतिरोध, दुग्धव्यवसाय.

१. प्रस्तावना

भारतीय कृषिजीवनात गाय, बैल व म्हैस यांचे स्थान केवळ धार्मिक वा भावनिक नाही. अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबासाठी दुभते जनावर हे रोजच्या रोख उत्पन्नाचे साधन असते. असे जनावर आजारी पडले की त्या घराचा व्यवहारच थांबतो. म्हणूनच गोठ्यात येणाऱ्या पशुवैद्यकाकडून पशुपालकाची पहिली अपेक्षा 'इंजेक्शन द्या' अशीच असते. ही अपेक्षा परंपरेने चालत आलेली नाही. ती गेल्या सुमारे सात दशकांत घडली आहे आणि तिच्या घडणीत प्रतिजैविकांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

प्रतिजैविकांच्या शोधाचा इतिहास मराठीत अनेकदा सांगितला गेला आहे. मात्र तो बहुधा मानवी वैद्यकापुरता राहतो. गोठ्यातील प्रतिजैविकांचा इतिहास आणि त्यातही त्यांच्या दुष्परिणामांचा इतिहास तुलनेने दुर्लक्षित आहे. प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) गाई-म्हशींच्या चिकित्सेत प्रतिजैविकांचा प्रवेश कसा झाला हे पाहणे, (२) दुष्परिणामांची जाणीव कोणत्या क्रमाने झाली व त्यांवर कोणते उपाय योजले गेले याचा आढावा घेणे, (३) भारतातील परिस्थितीत या उपायांच्या मर्यादा स्पष्ट करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. प्रतिजैविकपूर्व काळातील पशुचिकित्सा

मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ साली पुणे येथे इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली व १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. पुढे हीच संस्था भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. या संस्थांपुढील मुख्य प्रश्न बुळकांडी, घटसर्प, फऱ्या व काळपुळी अशा साथींचा होता. त्यामुळे त्या काळातील पशुवैद्यकाचा भर रक्तजल, लस आणि आजारी जनावर वेगळे बांधणे यांवर होता. एकदा रोग जडल्यावर जनावराला वाचविण्याची साधने त्याच्याजवळ अत्यल्प होती.

कासदाहाच्या बाबतीत ही असहायता विशेष जाणवे. कास सुजते, कडक होते, दुधात गाठी वा रक्त येते आणि पुष्कळदा सड कायमचा निकामी होतो. ग्रामीण महाराष्ट्रात या विकाराला 'दगडी' म्हणतात, त्यातच त्याचे लक्षण सांगितलेले आहे. शेक, लेप आणि वारंवार पिळून कास मोकळी करणे यापलीकडे उपाय नव्हता. १९३० च्या दशकात सल्फा गटातील औषधे आली. ती परिणामकारक होती. परंतु त्यांचे स्फटिक मूत्रपिंडात साचून इजा होऊ शकते, हेही लवकरच ध्यानात आले. औषधाबरोबर जनावराला भरपूर पाणी पाजावे, ही सूचना तेव्हापासून रूढ झाली. औषधाच्या गुणाबरोबर त्याचा दोष सांभाळण्याची ही सुरुवात म्हणता येईल.

३. प्रतिजैविकांचे गोठ्यात आगमन

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावला, तरी ते औषधरूपात सिद्ध होण्यास ऑक्सफर्ड येथील फ्लोरी, चेन व त्यांचे सहकारी यांचे १९४० नंतरचे कार्य कारणीभूत ठरले. दरम्यान, रेने द्युबोस यांनी १९३९ साली मातीतील जंतूपासून ग्रॅमिसिडिन वेगळे केले. त्याच सुमारास न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात ठेवलेल्या गाईंमध्ये कासदाह उद्भवला असता या द्रव्याचा उपयोग करण्यात आला. ग्रॅमिसिडिन रक्तात गेल्यास तांबड्या पेशी नष्ट करते. म्हणून ते शिरेवाटे देणे शक्य नव्हते, परंतु सडातून कासेत सोडणे शक्य होते. औषध कोणते यापेक्षा ते कोणत्या मार्गाने दिले जाते यावर त्याची सुरक्षितता अवलंबून असते, हा धडा प्रतिजैविकांच्या इतिहासाच्या आरंभीच मिळालेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन स्वस्त झाले. १९४३ मध्ये शोधलेले स्ट्रेप्टोमायसिन, १९४८ मधील क्लोरटेट्रासायक्लिन आणि १९५० मधील ऑक्सिटेट्रासायक्लिन ही औषधे पाठोपाठ पशुवैद्यकाच्या पेटीत आली. प्रोकेन पेनिसिलिनमुळे दर काही तासांनी टोचण्याची गरज उरली नाही. दिवसातून एकदा भेट देणाऱ्या पशुवैद्यकाला ही सोय फार मोलाची होती, कारण आजारी जनावर रुग्णालयात नसते, ते गावातील गोठ्यात असते.

भारतात १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. त्याचा मूळ उद्देश मानवी आरोग्याचा होता. तथापि, देशात प्रतिजैविके तयार होऊ लागल्यामुळे ती पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गही सुकर झाला.

४. पहिला टप्पा : जनावराच्या शरीरावरील दुष्परिणाम

प्रारंभीच्या वर्षांत पेनिसिलिन हे निरुपद्रवी औषध मानले जाई. वापर वाढला तसे निराळे अनुभव येऊ लागले. पूर्वी कधीतरी पेनिसिलिन दिलेल्या जनावराला ते पुन्हा टोचताच काही मिनिटांत थरथर, धाप, तोंडाला फेस, पापण्यांवर व योनिमुखावर सूज, अंगावर गांधी अशी लक्षणे दिसत आणि क्वचित जनावर कोसळून मरे. ही तीव्र अधिहर्षता होय. तिच्यावर अॅड्रिनॅलिन हा तातडीचा उपाय ठरला आणि त्यास अधिहर्षतारोधक व स्टेरॉइड औषधांची जोड मिळाली. परंतु या उपायालाही मर्यादा आहे. डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड गर्भारपणाच्या अखेरच्या काळात दिल्यास गाय गाभडण्याचा संभव असतो. म्हणजे एका दुष्परिणामाचे निवारण करताना दुसरा ओढवू नये, यासाठी जनावर किती महिन्यांचे गाभण आहे हे विचारणे चिकित्सेचा भाग बनले.

अधिहर्षतेपासून निराळी ठेवावी लागणारी दुसरी घटना म्हणजे प्रोकेनची विषबाधा. प्रोकेन पेनिसिलिन स्नायूत द्यावयाचे असते. सुई नकळत रक्तवाहिनीत गेली तर प्रोकेनमुळे जनावर एकाएकी बिथरते, अडखळते, पडते. बाहेरून दोन्ही प्रकार सारखे भासले तरी एकाचे कारण शरीराची प्रतिक्रिया आहे, तर दुसऱ्याचे कारण टोचण्यातील चूक आहे. औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येते का ते पाहण्याची शिस्त यासाठीच सांगितली जाते.

ऑक्सिटेट्रासायक्लिनचा इतिहास याहून उद्बोधक आहे. हे औषध शिरेतून वेगाने दिल्यास जनावर कोसळते, असा अनुभव होता. टेट्रासायक्लिन रक्तातील कॅल्शियमशी बांधले जाते, हे त्याचे एक स्पष्टीकरण होते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वासरांवरील प्रयोगांतून असे दिसले की, औषध ज्या प्रोपिलीन ग्लायकॉल या द्रावकात विरघळविलेले असते, तो द्रावकही रक्तदाब व हृदयाच्या ठोक्यांवर विपरीत परिणाम करतो. त्यामुळे 'सावकाश द्या, पातळ करून द्या' हा नियम अधिक भक्कम पायावर उभा राहिला. दीर्घकाल टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनने स्नायूत गाठ व दाह होतो. म्हणून एका जागी मर्यादित मात्रा देणे आणि पुठ्ठ्याऐवजी मानेच्या स्नायूत टोचणे पसंत केले जाऊ लागले. पुठ्ठ्यातील चुकीच्या टोचणीने पायाच्या मुख्य मज्जातंतूस इजा होऊन जनावर लंगडे होण्याचा धोकाही त्यामुळे टळतो. स्ट्रेप्टोमायसिन व जेंटामायसिन यांचा मूत्रपिंडावर परिणाम होतो आणि शरीरातील पाणी कमी झालेल्या जनावरात तो अधिक तीव्र असतो. हगवणीने शुष्क झालेल्या वासराला औषधाआधी पाणी व क्षार देणे का आवश्यक आहे, याचे उत्तर येथे मिळते.

टोचणाऱ्या माणसालाही धोका असू शकतो. गुरांच्या श्वसनरोगात वापरले जाणारे टिल्मिकोसिन हृदयावर विषारी परिणाम करते. ते गुरांना शिरेतून देणे घातक असते आणि चुकून स्वतःलाच टोचले गेल्याने माणसे दगावल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

या टप्प्यातील सर्व उपाय पशुवैद्यकाच्या हातातील होते. सुईची जागा, औषधाचा वेग, मात्रा, पूर्वेतिहास आणि पेटीतील अॅड्रिनॅलिनची कुपी यांवर परिणाम अवलंबून होता. दुष्परिणाम डोळ्यांसमोर आणि तत्काळ घडत असल्यामुळे ते शिकले गेलेही लवकर.

५. दुसरा टप्पा : दुधातील औषधांश

दुष्परिणामांचे दुसरे रूप गोठ्याबाहेर, दुग्धशाळेत उघडकीस आले. कासदाहावर उपचार केलेल्या गाईचे दूध मिसळले गेले की चीज व दही बनविणारे जिवाणू मरत आणि विरजण लागत नसे. युरोप-अमेरिकेतील चीज उद्योगाला १९५० च्या दशकात या अडचणीने ग्रासले. आपल्याकडे घरात दही न लागल्यास सामान्यतः हवामानाला वा विरजणाला दोष दिला जातो. परंतु दुधातील प्रतिजैविक हेही त्याचे एक कारण असू शकते.

पाठोपाठ मानवी आरोग्याचा प्रश्न पुढे आला. पेनिसिलिनची अधिहर्षता असलेल्या व्यक्तीला दुधातील अल्प अंशानेही त्रास होऊ शकतो. दूध उकळल्याने हा अंश पूर्णपणे नष्ट होत नाही. त्यामुळे 'आपण दूध उकळून पितो, मग चिंता कशाची' हा युक्तिवाद जंतूंच्या बाबतीत खरा असला तरी औषधांशाच्या बाबतीत टिकत नाही.

यातून 'प्रतीक्षाकाळ' ही संकल्पना दृढ झाली. शेवटच्या मात्रेनंतर ठराविक काळापर्यंत दूध विक्रीस न देणे, असा तिचा अर्थ. पुढे दुधातील औषधांश ओळखण्यासाठी संवेदनशील जिवाणूंवर आधारित चाचण्या विकसित झाल्या. त्याच काळात इंग्लंडमधील रेडिंगजवळच्या राष्ट्रीय दुग्धव्यवसाय संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात कासदाह नियंत्रणाचा पाच कलमी कार्यक्रम आकारास आला. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडविणे, गाय आटविताना कासेत औषध सोडणे, दूध काढण्याच्या यंत्राची देखभाल, आजारी कासेवर तत्पर उपचार व वारंवार बाधित होणारी गाय काढून टाकणे ही ती पाच कलमे होत. १९५७ साली कॅलिफोर्नियात विकसित झालेल्या साध्या चाचणीने लक्षणे दिसण्यापूर्वीच कासदाह गोठ्यातच ओळखता येऊ लागला. औषधाचा दुष्परिणाम टाळण्याचा सर्वोत्तम मार्ग औषधाची गरजच कमी करणे हा आहे, ही दृष्टी यातून पुढे आली.

६. तिसरा टप्पा : प्रतिरोधी जंतू

फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेमुळे जंतू पेनिसिलिनला दाद देईनासे होतील, असा इशारा दिला होता. तो गोठ्यालाही लागू होता. दरम्यान, क्लोरटेट्रासायक्लिनच्या निर्मितीतील शेष पदार्थ खाद्यात मिसळल्यास जनावरे अधिक वेगाने वाढतात, असे १९४९-५० च्या सुमारास अमेरिकेत दिसून आले आणि निरोगी जनावरांनाही प्रतिजैविके देण्याची प्रथा पडली.

१९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ई. एस. अँडरसन यांनी वासरांच्या सालमोनेला रोगाचा अभ्यास केला. निरनिराळ्या गोठ्यांतून विकत घेतलेली कोवळी वासरे व्यापाऱ्यांकडे एकत्र येत, तेथे रोग पसरे, त्यांवर प्रतिजैविकांचा मारा होई आणि अनेक औषधांना प्रतिरोधी असलेले जंतू शिल्लक राहत. हेच जंतू माणसांतही आढळले. एका जंतूतील प्रतिरोध दुसऱ्या जंतूत संक्रमित होऊ शकतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी त्याआधीच दाखविले होते. परिणामी १९६८ मध्ये स्वान समिती नेमली गेली व नोव्हेंबर १९६९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. मानवी उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके वाढीसाठी खाद्यात वापरू नयेत, ही तिची मुख्य शिफारस होती. तथापि, उपचाराच्या नावाखालील वापर पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर सोपविला गेला.

यानंतरची वाटचाल संथ आहे. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविकांवर बंदी घातली, तर युरोपीय संघात ती पूर्णपणे २००६ मध्ये अमलात आली. अमेरिकेत पेनिसिलिन व ऑक्सिटेट्रासायक्लिनची इंजेक्शने पशुपालकाला पशुवैद्यकाच्या चिठ्ठीविना दुकानातून विकत घेता येत असत. ही मुभा जून २०२३ मध्ये संपुष्टात आली.

७. भारत व महाराष्ट्रातील परिस्थिती

भारतात १९७० ते १९९६ या काळात राबविलेल्या दुग्धमहापूर योजनेने दुधाचे संकलन गावागावांत पोहोचविले. महाराष्ट्रात आरे दूध वसाहत (१९४९), उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेली बाएफ ही संस्था आणि सहकारी दूध संघ यांच्या प्रयत्नांतून संकरित गाई वाढल्या. संकरित गाय अधिक दूध देते. त्याबरोबरच कासदाह व गोचीडतापास ती देशी गाईपेक्षा अधिक बळी पडते. परिणामी प्रतिजैविकांची मागणी वाढणे अपरिहार्य होते.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार चिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. पदविका वा प्रमाणपत्रधारकांना त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. प्रत्यक्षात दवाखाना दूर असतो, जनावर रात्री आजारी पडते आणि जो प्रथम येतो तोच टोचतो. ताप उतरला की उपचार थांबतो. पूर्ण मात्रा क्वचितच पुरी होते. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाची मोठी साथ आली. हा रोग विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविकाचा त्यावर थेट परिणाम होत नाही. जखमांतील दुय्यम जंतुसंसर्गापुरताच त्याचा उपयोग आहे. हा भेद घाबरलेल्या पशुपालकापर्यंत पोहोचविणे हे त्या वेळी मोठे आव्हान होते.

पशुऔषधांचे दूरगामी परिणाम भारताने एका कटू अनुभवातून जाणले. डायक्लोफेनॅक हे प्रतिजैविक नव्हे, ते वेदनाशामक आहे. परंतु आजारी गुरांना प्रतिजैविकाबरोबर ते सर्रास टोचले जाई. अशा मृत गुरांचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोपर्यंत गिधाडांच्या तीन जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली होती. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

प्रतिजैविकांच्या बाबतीत २०१२ साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दुरुस्ती करून पशुऔषधांच्या वेष्टनावर प्रतीक्षाकाळ छापणे बंधनकारक झाले. विशिष्ट औषधासाठी तो निश्चित केलेला नसल्यास दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस व मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत, असे ठरले. २०१९ मध्ये कोलिस्टिनच्या पशुखाद्यातील व पशूंमधील वापरावर बंदी आली. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला. हे प्रमाण १.२ टक्के आहे. ते भयावह नाही, पण दूध हे लहान मुलांचे रोजचे अन्न असल्याने दुर्लक्ष करण्याजोगेही नाही.

८. चर्चा

वरील इतिहासातून एक ठळक बाब समोर येते. पहिल्या टप्प्यातील दुष्परिणाम ज्याचे नुकसान होते त्याला दिसत होता, म्हणून त्यावरील उपाय सहज स्वीकारले गेले. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांत नुकसान एकाचे आणि खबरदारीचा खर्च दुसऱ्याचा, अशी विभागणी झाली. प्रतीक्षाकाळ हा कागदावर औषधशास्त्रीय नियम असला तरी व्यवहारात तो आर्थिक भार आहे. उदाहरणादाखल, रोज १० लिटर दूध देणाऱ्या गाईवर ३ दिवस उपचार झाले व पुढे ७ दिवस दूध बाजूला ठेवले, तर १०० लिटर दुधावर पाणी सोडावे लागते. शंभर गाईंच्या गोठ्यात हे एका गाईचे, म्हणजे शंभरातील एका भागाचे नुकसान आहे. एकाच गाईवर चालणाऱ्या घराला ते दहा दिवसांचे संपूर्ण दुग्धोत्पन्न आहे. ज्या देशांत हा नियम घडला तेथे मोठे कळप होते. ज्या देशात तो लागू करावयाचा आहे तेथे दावणीला एक-दोन जनावरे आहेत. हा फरक लक्षात न घेता पशुपालकाला केवळ अज्ञानी वा बेजबाबदार ठरविणे अन्यायाचे आहे.

शिवाय संकलन केंद्रावर सर्वांचे दूध एकत्र होते. तेथे एका घरचा औषधांश विरून दिसेनासा होतो किंवा संपूर्ण टाकी दूषित करतो. दोन्ही प्रसंगी दोष कोणाचा हे कळत नाही. बाजूला ठेवलेले दूध वासराला पाजण्याची प्रथाही निर्धोक नाही, कारण अल्प मात्रेतील औषधाने वासराच्या आतड्यात प्रतिरोधी जंतूच जोपासले जातात.

या दृष्टीने काही उपाय विचारार्ह ठरतात. उपचाराधीन गाईचे दूध प्रामाणिकपणे बाजूला ठेवणाऱ्या सभासदास दूध संघाने अंशतः भरपाई देणे, संकलन केंद्रावर कासदाहाची प्राथमिक चाचणी उपलब्ध करणे, प्रत्येक जनावराच्या उपचारांची नोंदवही ठेवणे, धारेनंतर सड निर्जंतुक करण्याची सवय लावणे आणि लसीकरणाचे वेळापत्रक काटेकोर पाळणे, हे ते उपाय होत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कासदाहासाठी कोरफड, हळद व चुना यांच्या लेपाचा प्रसार केला आहे. सौम्य आजारात असे पर्याय पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरून प्रतिजैविकांचा वापर मर्यादित ठेवता येईल. मात्र तीव्र जंतुसंसर्गात योग्य प्रतिजैविक, योग्य मात्रेत आणि पूर्ण काळ देणे हाच जनावर वाचविण्याचा मार्ग आहे. औषध नाकारणे हे दुष्परिणामांवरील उत्तर होऊ शकत नाही.

९. निष्कर्ष

१. गुरांवरील प्रतिजैविकांच्या दुष्परिणामांची जाणीव जनावराचे शरीर, दूध व समाज अशा विस्तारत जाणाऱ्या क्रमाने झाली.
२. प्रत्येक टप्प्यात नियम हानीनंतर आले. हानी जितकी दूर व अदृश्य, तितका नियमास विलंब अधिक झाला.
३. टोचण्याचा मार्ग, वेग, जागा व पूर्वेतिहास यांविषयीची दक्षता हे दुष्परिणाम टाळण्याचे प्राथमिक साधन आजही तितकेच महत्त्वाचे आहे.
४. भारतात प्रतीक्षाकाळाचा नियम अस्तित्वात आहे. परंतु त्याचा आर्थिक भार एकट्या पशुपालकावर असल्याने त्याचे पालन दुर्बल राहते.
५. सुरक्षित दुधाचा लाभ सर्व समाजाला मिळतो. म्हणून त्यासाठी बाजूला ठेवाव्या लागणाऱ्या दुधाच्या किमतीत दूध संघ, शासन व ग्राहक यांनीही वाटा उचलणे न्याय्य ठरेल.